अण्णांच्या नावावरचा डेटासेट

आमच्या ऑफिसात एक डेटासेट आहे. सध्या तो माझ्या नावावर आहे आणि मला तो डोळ्यांसमोर नको असतो. रोज सकाळी कॉम्प्युटर उघडला की त्याच्यापुढे 'ओनर' म्हणून माझं नाव दिसतं आणि माझा दिवस तिथेच बिघडतो. त्यात डेटासेटचा काही दोष नाही. तो बिचारा मुकाट चालतो.

ज्यांना या कामातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमची कंपनी औषधं पुरवते, दवाखान्यांना आणि औषधांच्या दुकानांना. ऑफिस बेंगळुरूत, सर्जापूर रोडला, गोदामं म्हैसूर, हुबळी, मंगळूर अशी पसरलेली. कुठे काय शिल्लक आहे, कुठली औषधं मुदतीच्या जवळ आलीत, गाड्या कुठे अडकल्यात, विक्री किती झाली, हे सगळं सकाळी रिपोर्टांतून दिसतं. रिपोर्ट म्हणजे वरचा चेहरा. त्याच्या मागे आकड्यांचा साठा लागतो, तो डेटासेट. मी रिपोर्ट करणाऱ्यांतली. शिक्षण इंजिनिअरचं आणि काम रंगीत तक्ते काढायचं; आई नाशिकला अजून शेजारणींना 'सॉफ्टवेअरमध्ये आहे' एवढंच सांगते, आणि ते बरंच आहे.

मी लागले तेव्हा दर सोमवारी मोठी मीटिंग असायची आणि ती दर सोमवारी एकाच जागी रुतायची. विक्रीवाले म्हणायचे गेल्या आठवड्यात ऑर्डरी इतक्या. गोदामवाले म्हणायचे छे, एवढ्या कुठल्या. हिशेबवाल्यांचा तिसराच आकडा. प्रत्येक खात्याने मूळ आकडे आपल्याकडे उतरवून घेतलेले, आपल्या सोयीने छाटलेले आणि त्यावर आपला रिपोर्ट चढवलेला. मग अर्धी मीटिंग कोणाचा आकडा खरा यातच जायची. चांगली शिकलेली, भारी पगाराची माणसं एकमेकांच्या स्क्रीनकडे बोट दाखवून तावातावाने बोलायची आणि शेवटी चहा यायचा. मला पहिले काही महिने फार करमणूक वाटली. मग वैताग आला.

अण्णा त्या मीटिंगमध्ये कोपऱ्यात बसायचे. पन्नाशी ओलांडलेले, तिशीच्या पोरापोरींनी भरलेल्या ऑफिसात एकटेच तसे. कंपनी राजाजीनगरात दोन खोल्यांत औषधांची एजन्सी होती तेव्हापासूनचे. पुढे बाहेरचा पैसा आला, काचेची इमारत आली, आम्ही आलो, अण्णा राहिले. सगळं नवं त्यांनी आमच्याबरोबर, कधी आमच्याआधी शिकून घेतलं. घराणं मराठी, पण कितीतरी पिढ्या बेंगळुरूचं. पहिल्याच आठवड्यात मी कॉम्प्युटरला मराठीतून शिव्या घालत होते तेव्हा मागून आवाज आला, "शिव्या आपल्या भाषेत देतेस, म्हणजे आपलीच आहेस की." तेव्हापासून माझा डबा त्यांच्या टेबलावर उघडायला लागला. त्यांचं मराठी मला गमतीचं वाटायचं, माझं त्यांना. तू बोलतेस ते पुस्तकातलं, म्हणायचे. स्वतः मात्र मराठी अडखळत वाचायचे. शाळा कन्नड झालेली. बायकोला तर मराठी अक्षरही येत नव्हतं. घरात बोलायची मराठी, वाचायची कन्नड. तिला सगळे अक्का म्हणत. तिला वाचता येणार नाही म्हणून तर मी हे लिहिते आहे.

तर त्या सोमवारच्या भांडणांवर औषध काढलं ते अण्णांनी. त्यांनी एक खुर्ची घेतली आणि एकेका खात्यात जाऊन बसले. ऑर्डर म्हणजे काय, एवढंच विचारायचे. दुकानदाराने फोन केला की ऑर्डर? बिल फाडलं की? माल गाडीत चढला की? लोक हसले, मग चिडले, मग उत्तर द्यायला लागले, कारण अण्णा उठायचेच नाहीत. शेवटी ठरलं की गोदामाच्या फाटकातून गाडी बाहेर पडली की ती ऑर्डर. सगळ्यांनी मान डोलावली आणि अण्णांनी एक डेटासेट बांधला. सगळ्या खात्यांचे सगळे रिपोर्ट त्या एकावर उभे करायचे. स्वतःचे आकडे कोणी वेगळे उतरवायचे नाहीत.

"पीठ एकच वाटायचं मा," मला म्हणाले; तिकडे बायकामुलींना मायेने 'मा' म्हणतात. "मग तू इडली कर, तो डोसा करू दे. प्रत्येकजण आपलं आपलं पीठ आंबवत बसला तर घरात नुसती भांडीच भांडी."

सोमवारची मीटिंग निम्म्या वेळात संपायला लागली. त्याबद्दल कोणी अण्णांचं नाव घेतलं नाही. झालेलं भांडण सगळ्यांना आठवतं, न झालेल्या भांडणाची आठवण कोण ठेवणार.

एका सामाईक साठ्याची मोठी भानगड अशी की तो एकाने हलवला की सगळ्यांचा हलतो. विक्रीवाल्यांनी आपल्या सोयीसाठी एखादा रकाना बदलला तर मंगळूरच्या गोदामाचा रिपोर्ट तोंड फिरवतो आणि मंगळूरवाल्याला कारण कळत नाही. म्हणून अण्णांनी एक पद्धत पाडली होती. कोणाला डेटासेटमध्ये काही बदलायचं असेल तर त्याने त्यांच्या टेबलाशी येऊन स्टुलावर बसायचं. अण्णा ऐकून घ्यायचे आणि एकच विचारायचे, "अजून कोणाचं बदलेल?" समोरच्याने नावं सांगायची. मग ते तिथल्या तिथे त्या प्रत्येकाला फोन लावायचे, बदल सांगायचे, चालेल का विचारायचे, आणि मगच हात लावायचे. एमबीए झालेल्या पोरांना हे फार मागासलेलं वाटायचं. एकाने विचारलं, मेल टाकला तर नाही का चालणार. अण्णा म्हणाले, "मेल कोण वाचतं रे." पोरगा स्टुलावर बसला, कारण तो स्वतः वाचत नव्हता.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र साफ चुकली, आणि ती आम्हा सगळ्यांची मिळून चुकली. तो डेटासेट अण्णांच्या स्वतःच्या लॉगिनवर चालायचा. असा साठा खरं तर कोणा माणसाच्या नावावर ठेवायचा नसतो. त्याला कंपनीचं सामाईक खातं काढतात, म्हणजे माणूस आला गेला तरी अडत नाही. अण्णांनी तसं खातं मागितलं होतं. वरून उलट विचारणा आली की याची गरज काय. त्यांनी गरज लिहून पाठवली. त्यावर आणखी कोणाची तरी मंजुरी हवी होती. तोवर रिपोर्ट थांबवायचे कसे, म्हणून त्यांनी सध्यापुरतं आपल्या नावावर टाकलं. आमच्याकडे सध्यापुरतं म्हटलेली गोष्ट सगळ्यांत जास्त टिकते. बघता बघता कंपनीचे सगळे रिपोर्ट, अगदी डायरेक्टरच्या फोनवरचासुद्धा, अण्णांच्या एका पासवर्डवर लटकायला लागले. अण्णा रजेवर गेले तरी त्यांचं लॉगिन कामावर असायचं. आम्ही त्यावर विनोद करायचो.

मग अण्णांचं पोट दुखायला लागलं. आधी पित्त म्हणून झालं, मग अल्सर म्हणून झालं, आणि शेवटी जे होतं ते कळलं तेव्हा ते बरंच पसरलेलं होतं. त्यांना दीर्घ रजा मिळाली. ऑफिसने मोठं कार्ड पाठवलं, सगळ्यांच्या सह्या घेऊन. डेटासेट पहाटे अण्णांच्या नावाने जागा व्हायचा, आकडे भरून घ्यायचा, आम्ही आलो की सगळं ताजं असायचं. एकच अडचण होती. सुरक्षेच्या नियमाने मधून मधून तो अडायचा आणि मालकाने स्वतः ओळख पटवावी म्हणायचा. मालकाच्या लॅपटॉपवर एक आकडा उमटतो, तोच आकडा मालकाने आपल्या फोनवर टाकायचा, मग गाडी पुढे. अण्णा अंथरुणातून ते करायचे. हात थरथरायला लागले तेव्हा ते काम अक्काकडे आलं.

पहिल्या वेळी तिला लॅपटॉपला हात लावायचीच भीती वाटत होती. मी फोनवरून सांगत होते, अक्का, तो निळा चौकोन दिसतोय ना, त्यातला आकडा बघा. तिने मोठ्याने वाचला, "नलवत्तेळु." सत्तेचाळीस. मला सांगायची काहीच गरज नव्हती, पण पुढेही ती दर वेळी मला कन्नडमधून आकडा वाचून दाखवायची आणि मग फोनवर टाकायची. हळूहळू सरावली. मी फोन केला की मी बोलायच्या आत म्हणायची, "अडलं वाटतं तुमचं." आवाजात थोडी ऐट असायची. मला ते ऐकून बरं वाटायचं. त्या घरात त्या दिवसांत ऐट यायला दुसरं काही कारण नव्हतं.

एकदा मी भेटायला गेले तेव्हा तिने मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. अण्णा बाहेर झोपलेले. मूलबाळ नाही, भाऊबंद आपापल्या व्यापात. ती कोथिंबीर निवडत होती, माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांच्या नावावर आहे ना ते तुमचं?"

"हो."

"तोवर कंपनी काढणार नाही त्यांना. बरोबर ना? काढलं तर तुमचंच सगळं अडणार."

तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. बिनपगारी रजा किती लांबवायची याला मर्यादा असते, ती मर्यादा कधीच मागे पडली होती, आणि तरीही एचआर गप्प होतं. त्याचं कारण तो डेटासेट होता हे मला माहीत होतं. अण्णांचं नाव कंपनीच्या पटावर होतं तोवर कंपनीचा विमा होता. विमा होता तोवर मधून मधून दाखल व्हायला ते चांगलं हॉस्पिटल होतं, तिथली ती खोली होती, खिडकी होती, हाक मारली की येणारी नर्स होती.

"तेवढं तू राहू दे मा," अक्का म्हणाली. "बाकी मला काही नको."

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं.

इकडे आमच्या मॅनेजरला जाग आली. माणूस वाईट नाही. दिल्लीकडचा, स्वभावाने घाईचा, एवढंच. मला बाजूला घेऊन म्हणाला, "यार, अपने नाम पे ले लो ना. एक बटन ही तो है." बटण एकच होतं हे खरं. ते दाबलं की डेटासेट दुसऱ्याच्या नावावर होतो. पण मग मागच्या प्रत्येक यंत्रणेशी नव्याने ओळख पटवावी लागते, आणि मी ते काम आहे त्यापेक्षा बरंच अवघड करून सांगितलं. मग सामाईक खात्याचा जुना अर्ज नव्याने वर पाठवला. तो कुठे जाऊन पडणार हे मला ठाऊक होतं, म्हणूनच पाठवला. मग महिनाअखेर आहे म्हटलं. मग ऑडिट आहे म्हटलं. टाळाटाळ करण्यात मी इतकी तरबेज आहे हे मला त्याआधी माहीत नव्हतं. तो दर वेळी "ठीक है, पर जल्दी" म्हणायचा आणि पुढच्या मीटिंगला पळायचा.

असं सगळं आणखी बराच काळ चाललं असतं. पण एक दिवस डेटासेट अडला तेव्हा अक्का अण्णांना घेऊन हॉस्पिटलात होती. तपासणीची खोली तळघरात, तिथे फोन लागेना, आणि लॅपटॉप घरी राहिलेला. ती घरी पोचून आकडा टाकेपर्यंत आमचे सगळे रिपोर्ट आदल्या दिवसाचे आकडे दाखवत बसले. त्यावर जुना वेळ बारीक अक्षरात लिहिलेला असतो, पण तो कोणी वाचत नाही. हुबळीच्या गोदामातलं इन्सुलिन संपलं होतं आणि रिपोर्टात मात्र भरपूर होतं. त्या भरवशावर म्हैसूरहून निघालेली गाडी तिकडे वळवलीच नाही. हुबळीच्या दुकानांतून माणसं परत गेली. किती गेली, त्यांचं पुढे काय झालं, ते आमच्या कुठल्याही रिपोर्टात येत नाही.

हुबळीच्या गोदामवाल्याने आम्हाला फोन केलाच नाही. इतक्या वर्षांच्या सवयीने त्याने सरळ अण्णांना लावला. शिव्या घालायला.

त्या रविवारी अण्णांनी मला बोलावून घेतलं. मी राहते एचएसआरला, तिथून त्यांच्या घरी राजाजीनगरला म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं. रिक्षावाला सिल्क बोर्डच्या सिग्नलपासून मेट्रोवर बोलायला लागला तो उतरेपर्यंत बोलत होता. मी पोचले तर अण्णा उशांना टेकून बसलेले. गळपट्टीतून छातीची हाडं दिसत होती. अक्काने कॉफी टाकायला घेतली, तर ते म्हणाले डब्यातली पूड जुनी झाली, पोरगी एवढ्या लांबून आलीय, जा की, ताजी दळून आण. ती म्हणाली कालच तर आणली. ते म्हणाले, जा मा. ती पिशवी घेऊन गेली. ते स्वतः कॉफीचा घोट घेऊ शकत नव्हते, त्यामुळे त्यांना कुठली पूड जुनी वाटावी हे मला कळेना.

दार लागलं तसं त्यांनी उशाशी ठेवलेल्या लॅपटॉपकडे बोट केलं. "उघड. तुझ्या नावावर घे."

मी नाही म्हटलं.

"हुबळीवाला रडत होता फोनवर. शिव्या देऊन झाल्यावर."

"अण्णा, विम्याचं काय?"

"ते असू दे."

"असू दे काय? अक्काला मी शब्द दिलाय."

"मला माहीत आहे. भिंती पातळ आहेत घराच्या." जरा थांबले, दम खाल्ला. "मी हे कशाला बांधलं होतं? कोणाच्या तोंडाकडे बघायला लागू नये म्हणून. आता सगळी कंपनी माझा श्वास चालू आहे का बघते. हे बरं दिसतं का?"

मला राग आला. माणूस मरायला टेकलाय आणि याला आकडे शिळे झाल्याचं दुःख. मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला, "अजून कोणाचं बदलेल, अण्णा?"

ते दाराकडे बघत राहिले. त्यांना कळलं होतं. अक्काचं नाव घेतलं नाही, फोनही लावला नाही. म्हणाले, "घे मा. स्वल्प लवकर. ती येईल."

मी त्यांचा लॅपटॉप उघडला, माझा काढला आणि बटण दाबलं. आता कोणी म्हणेल, नाही दाबायचं. त्याने ती खोली बघितलेली नाही. पुढचं सगळं अण्णांनी तोंडी सांगितलं, कुठली यंत्रणा आधी, कुठली नंतर, कुठली हटकून एकदा नकार देते. सगळं पाठ होतं. सांगताना चेहऱ्यावर जरा तेज आलं होतं. ते बघून मला आणखीच कसंतरी झालं. शेवटची हिरवी खूण उमटली तेव्हा ते मागे टेकले आणि डोळे मिटून म्हणाले, "मी सांगितलं म्हणून तिला सांगू नकोस."

"म्हणजे?"

"तू घेतलंस म्हणून सांग. ऑफिसने घ्यायला लावलं म्हण."

"आणि शिव्या मी खाऊ?"

"दिवसरात्र तीच करते माझं. आता राहिलेत ते दिवस तिचा राग अंगावर घेऊन काढायचे, ते मला जमायचं नाही. तुझ्यावर रागावली तर काय, तू जाशील की तिकडे एचएसआरला निघून."

एवढं सरळ बोलले. लाजसुद्धा वाटली नाही. सगळ्या कंपनीला एकच खरा आकडा दिसावा म्हणून ज्या माणसाने वर्षं घातली, त्याच्या घरात आता एका गोष्टीच्या दोन तऱ्हा असणार होत्या, आणि खोटी तऱ्हा मी सांभाळायची होती. मला ओरडायचं होतं. पण आजारी माणसावर ओरडायची सोय नसते.

तेवढ्यात अक्का आली. दोन लॅपटॉप उघडे बघून दारातूनच म्हणाली, "अडलं काय? आकडा टाकू?"

"झालं, साकु," अण्णा म्हणाले. साकु म्हणजे कन्नडमध्ये पुरे.

तिने कॉफी केली. ताज्या पुडीची, स्टीलच्या पेल्यात, वरून फेस. मी ती सगळी प्यायले.

पुढचं फार झपाट्याने झालं. मॅनेजरने सोमवारी डेटासेटच्या यादीत 'ओनर' म्हणून माझं नाव बघितलं आणि खूश होऊन सगळ्यांना मेल टाकला की एक मोठी जोखीम दूर झाली. त्यानंतर लवकरच एचआरला नियम आठवले. अण्णांना पत्र गेलं, भाषा अतिशय गोड, आणि विमा त्या महिन्याबरोबर संपला. मी भांडले. एचआरच्या काचेच्या खोलीत उभी राहून चांगली भांडले, बाहेर लोक बघत होते. ती बाई शांतपणे म्हणाली, पॉलिसी आहे, माझ्या हातात काही नाही. मॅनेजर म्हणाला त्याला फार वाईट वाटतंय. वाटतही असेल. मी जागेवर आले आणि रिपोर्ट बघितले. सगळे ताजे होते.

अण्णांना सरकारी हॉस्पिटलात हलवलं. तिथले डॉक्टर चांगले होते, पण वॉर्डात खाटेला खाट लागलेली आणि पंखा अण्णांच्या खाटेपर्यंत पोचत नव्हता. दोन्हीकडच्या डॉक्टरांचं म्हणणं एकच होतं, की आता औषधाने फरक पडायचा नाही. अक्काला ते पटलं नाही. मला तरी कुठे पटलं होतं.

हलवायच्या गडबडीतच कधीतरी तिचा फोन आला. "बरेच दिवस आकडा आला नाही मा. बिघडलंय काय?"

मी म्हटलं, "आता तिकडे येणार नाही, अक्का."

"का?"

"माझ्या नावावर घेतलंय."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"तू घेतलंस," अक्का म्हणाली.

"हो."

तिने फोन ठेवला. त्यानंतर मी वॉर्डात जायची तेव्हा ती उठून बाहेर जाऊन बसायची. एकदा मी अण्णांना म्हटलं, आता तरी सांगा तिला. त्यांनी मान हलवली, सांगतो म्हणाले, आणि झोपले. मी पुन्हा म्हटलं नाही. माणूस गेल्यावर काय काय म्हणता आलं असतं ते आठवत राहतं, आणि मग त्या माणसाचा नव्याने राग येतो आणि नव्याने रडूही येतं. दोन्ही एकदम येतं, आणि ऑफिसात त्यासाठी जागा नसते.

दिवसकार्य झाल्यावर मी राजाजीनगरला गेले. भाऊबंद परतले होते. घर धुऊन काढलेलं, कॉट उचललेली. अक्काने दार उघडलं, पाणी दिलं, बसली. कॉफीचं विचारलं नाही. अण्णांचा फोटो अजून भिंतीवर लागायचा होता, खुर्चीवर ठेवलेला होता, म्हणून मला कुठे बघावं ते कळेना.

"एवढं एक राहू द्यायचं होतंस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी दुसरं काही मागितलं नव्हतं तुझ्याकडे."

सगळं माझ्या ओठांवर आलं. कॉफीची पूड, हुबळीचा फोन, सगळं. सांगितलं असतं तर माझी सुटका झाली असती. आणि मग त्या धुतलेल्या घरात तिने एकटीने कोणावर रागवायचं? फोटोवर? मी म्हटलं, "चुकलं माझं, अक्का."

तिने पदराने पेल्याखालचं पाणी पुसलं.

"त्यांना काही वाटलं नाही पण," ती म्हणाली. "मी तुला बोलायला लागले की ते मलाच गप्प करायचे. होगली बिडु, जाऊ दे, लहान आहे, केलं असेल चुकून. शेवटच्या दिवशीसुद्धा मला सांगितलं, तिच्यावर राग धरू नकोस, मी माफ केलंय तिला."